आपली फँटसी फुटी, साप्ताहिक वृत्तांत (मोसम 2025): पळवाटेवर आडवा आलेला बदली खेळाडू

धागाकर्ता: सरपंच
मंगळवार, रात्री 9.10

मंडळी, वृत्तांत दोन दिवस उशिरा येत आहे. या वेळी जे घडले ते लिहिण्याआधी संबंधित मालकांना सावरायला थोडा अवधी द्यावा, असे वाटले. नव्या वाचकांसाठी एक खुलासा आधीच करतो. फुटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. त्यातले खरे खेळाडू निवडून प्रत्येक मालक आपला कागदी संघ बांधतो आणि त्यांच्या प्रत्यक्ष खेळावर त्याला गुण मिळतात. आपल्या आठ संघांच्या स्पर्धेत पैशाचा व्यवहार नाही. फेरीत सर्वांत वाईट निर्णय घेणाऱ्या मालकाच्या घरी वरण वाढायची लाकडी पळी आठवडाभर मुक्कामाला जाते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये तळाला राहणाऱ्या संघाला लाकडी चमचा मिळाला असे म्हणतात, त्याचे हे आपले घरगुती रूप. दुसरे असे की, प्रथेप्रमाणे फेरीतल्या खेळाडूंची नावे येथे येणार नाहीत. पावसात चेंडू हातून सुटला, तर त्या बिचाऱ्यांना कुंपणापलीकडून जे ऐकावे लागते ते पुरेसे आहे. नावे ठेवायचीच असतील तर ती मालकांना ठेवावीत, हा आपला पहिल्या मोसमापासूनचा नियम आहे.

निकाल असे. ‘आजीचा बटवा’ने ‘पुणेरी पाटी’ला 2113 विरुद्ध 2109 असे हरवले. ‘पॉइंट कुकचे पैलवान’ (म्हणजे मी) यांनी ‘भाकड गोठा’वर आरामात विजय मिळवला आणि त्याबद्दल अधिक लिहिणे शोभणार नाही. तिसऱ्या सामन्यातील दोन्ही मालकांनी ईस्टरनंतर आपला संघ उघडूनही पाहिलेला नाही. त्यांच्या निम्म्या खेळाडूंच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या आहेत, तरीही नियमाप्रमाणे एक जण जिंकला. हे त्याला कोणी कळवू नये, उगाच झोपमोड होईल.

आता ‘टार्नीटचे टोणगे’ विरुद्ध ‘कॉलिंगवूडचा कावळा’. या सामन्यासाठीच हा धागा आहे.

आपल्या 22 जणांपैकी (6 बचावपटू, 8 मधल्या फळीतले, 2 रक, म्हणजे उडी मारून चेंडू सहकाऱ्याकडे ढकलणारे, आणि 6 आघाडीचे) एकाला कप्तान नेमायचे आणि त्याचे गुण दुप्पट धरायचे, हे सर्वांना ठाऊक आहे. कप्तान मैदानात उतरलाच नाही, तर ती दुप्पट उपकप्तानाला मिळते. यातूनच ती प्रसिद्ध पळवाट निघते. उपकप्तान शुक्रवारी खेळणारा ठेवावा. त्याने गुणांचा ढीग रचला, तर शनिवारी सकाळी शांतपणे चहा घेत अशा खेळाडूला कप्तान करावे की जो या फेरीत खेळणारच नाही. त्या न खेळणाऱ्याच्या जागी बाकावरच्या राखीव खेळाडूचे गुण मोजले जातात, आणि उपकप्तानाची दुप्पट पदरात पडते. या न खेळणाऱ्या कप्तानाला आपल्याकडे ‘बुजगावणे’ म्हणतात. बुजगावण्याकडून एकच अपेक्षा असते, की त्याने हालचाल करू नये.

टोणग्यांच्या उपकप्तानाने शुक्रवारी 141 गुण केले. टोणग्यांनी शनिवारी बुजगावणे निवडले. तो मेलबर्नच्या एका क्लबचा तरुण पोरगा, रविवारी पर्थला होणाऱ्या सामन्यासाठी फक्त राखीव यादीत असलेला. बाकावरच्या राखीवाने रविवारी दुपारी 52 गुण करून ठेवले. सगळी पंगत मांडून झाली होती, फक्त तूप वाढायचे राहिले होते.

रविवारी साडेतीन वाजता पर्थहून बातमी आली, की त्या क्लबच्या एका खेळाडूची पोटरी सरावातच आखडली असून आपले बुजगावणे बदली खेळाडू म्हणून संघात आले आहे. सामना मेलबर्नच्या वेळेनुसार 4.40 ला होता. कप्तान बदलायला एक तास दहा मिनिटे होती. पर्थचा सामना लांबचा असला, तरी मेलबर्नचे घड्याळ हिवाळ्यात दोनच तास पुढे असते, तेव्हा वेळेचा घोळ झाला असे कोणी म्हणू नये. आपल्या गटावर पाच जणांनी मिळून अकरा संदेश टाकले, त्यातले तीन ‘कावळ्या’चे, म्हणजे प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्याचे होते. हे त्याच्या मोठेपणाचे लक्षण मानावे की खात्रीचे, हे मी वाचकांवर सोडतो.

त्या वेळी टोणग्यांचे मालक कुठे होते? गणपतीच्या ढोल-ताशा पथकाच्या सरावात होते. बाहेर नऊ अंश तापमान, एका गोदामामागचा वाहनतळ, कमरेला ढोल आणि फोन गाडीच्या डिकीत, ढोलाच्या गवसणीखाली, जाकिटाच्या आतल्या खिशात. चाळीस ढोल वाजत असताना तो फोन हातात असता, तरी ऐकू आला असता असे नाही. पाच वाजता चहासाठी सराव थांबला, तेव्हा सामना सुरू होऊन वीस मिनिटे झाली होती आणि बुजगावण्याच्या नावापुढे कुलूप लागले होते.

तरीही आशा होती, कारण बदली खेळाडू शेवटपर्यंत उतरला नाही, तर तो न खेळल्यासारखाच धरला जातो. पहिले सत्र गेले, दुसरे गेले, तिसऱ्या सत्राच्या अखेरीसही पोरगा बाकावर पाय हलवत बसलेला होता. चौथ्या सत्रात एका सहकाऱ्याच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि बुजगावणे शेतातून उठून चालू लागले. एक किक, 3 गुण. एक हँडबॉल, म्हणजे मुठीने मारून सहकाऱ्याला दिलेला चेंडू, 2 गुण. एक टॅकल, म्हणजे पकड, 4 गुण. मग उत्साहाच्या भरात प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर उडी, विरोधात फ्री किक, उणे 3. एकूण 6 गुण, आणि साहेब कप्तान असल्यामुळे दुप्पट, म्हणजे 12.

हिशेब करा. ठरल्याप्रमाणे झाले असते, तर 141 ची दुप्पट 282 आणि राखीवाचे 52, असे 334 मिळाले असते. प्रत्यक्षात 141 आणि 12, असे 153 मिळाले. 181 गुण ढोलाच्या गवसणीखाली गेले. टोणग्यांचे 1894 झाले आणि कावळ्याचे 2031. सगळे सुरळीत झाले असते, तर टोणगे 2075 वर जाऊन 44 गुणांनी जिंकले असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते असे आपण म्हणतो. या वेळी फांदी आधीच तुटली होती, कावळा नंतर येऊन बसला.

पळी कुणाकडे जाणार, हे वेगळे सांगायला नको. हरकती असल्यास खाली नोंदवाव्यात.

टार्नीटचे टोणगे
मंगळवार, रात्री 9.48

वृत्तांतातील आकडे बरोबर आहेत, हे खेदाने मान्य करतो. एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. मी बेसावध नव्हतो. शुक्रवारी संध्याकाळी रविवारच्या सामन्यांचे अंतिम संघ जाहीर झाले तेव्हा, आणि पुन्हा रविवारी दुपारी घरातून निघताना, मी त्याचे नाव तपासले होते. दोन्ही वेळा तो केवळ राखीव यादीत होता. राखीव म्हणून विमानाने पर्थला नेलेला खेळाडू बहुतेक वेळा गणवेशाची पिशवी न उघडताच परत येतो. त्यामुळे मी उतावळेपणा केला, हा आरोप अमान्य आहे. माझा मुद्दा नियमाचा आहे. ज्या खेळाडूने एका सत्रापेक्षा कमी वेळ खेळून सहा गुण केले, त्याला कप्तान म्हणावे काय? शाळेत वर्गप्रमुख आजारी असताना खडू आणायला पाठवलेल्या मुलाला कोणी वर्गप्रमुख म्हणत नाही. सामन्याच्या निम्म्याहून कमी वेळ मैदानावर असलेल्या कप्तानाची दुप्पट आपोआप उपकप्तानाकडे जावी, असा ठराव आपल्या स्पर्धेपुरता करावा, अशी माझी सूचना आहे.

ढोल चाळीस नव्हते, छत्तीस होते.

पुणेरी पाटी
मंगळवार, रात्री 10.25

ठरावाला माझा विरोध आहे. पळवाटेने जाणाऱ्याने वाटेत खड्डा लागला म्हणून नगरपालिकेला अर्ज करू नये. ज्याला कप्तान करायचा तो खेळावा, अशी इच्छा धरणारा भाबडा मालक या स्पर्धेत मी एकटाच उरलो आहे, आणि त्याची किंमत मी दर आठवड्याला मोजतो.

बदली खेळाडूचा हा जाच नवा नाही, हे टोणग्यांनी लक्षात घ्यावे. 2011 ते 2015 या काळात बदली खेळाडू हिरवे बनियन घालून बसत असे आणि ज्याला बाहेर काढायचे त्याला लाल बनियन घालत. त्या लाल बनियनने तेव्हाच्या फँटसी मालकांचे किती रविवार नासले असतील, याची कल्पना करावी. मग ती पद्धत बंद झाली. 2021 मध्ये केवळ दुखापतीसाठी बदली खेळाडू परत आला आणि 2023 पासून प्रशिक्षकाला डावपेच म्हणूनही त्याला उतरवता येऊ लागले. म्हणजे ज्याला आपण बुजगावणे समजतो, तो प्रशिक्षकाच्या दृष्टीने हुकमाचा पत्ता असू शकतो.

आता माझ्या पराभवाविषयी, कारण वृत्तांतात त्याला अर्धीच ओळ मिळाली आहे. मी पुण्यात असतो. मेलबर्नचा शुक्रवारचा 7.40 चा सामना येथे दुपारी 3.10 ला सुरू होतो. गुरुवारी 6.20 ला जाहीर होणारे संघ मी 1.50 ला डबा खाताना पाहतो आणि त्या दिवशीची भाजी कोणती होती, हे मला संध्याकाळी आठवत नाही. या शुक्रवारी सव्वापाचच्या बैठकीत मी कॅमेरा बंद ठेवून चौथे सत्र पाहत होतो. माझ्या आघाडीच्या खेळाडूने चाळीस मीटरवरून मारलेला चेंडू गोलच्या खांबाला लागला. आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्ये खांबाला लागून आत गेला तर गोल असतो. येथे खांबाला नुसता स्पर्श झाला की बिहाइंड, म्हणजे हुकलेल्या गोलचा एकच गुण. म्हणजे किकचे 3 आणि बिहाइंडचा 1, असे चार गुण. गोल झाला असता, तर 3 आणि 6 मिळून नऊ. फरक पाच गुणांचा, आणि मी हरलो चार गुणांनी. तेव्हा तो खांब क्षुल्लक वाटला होता. रविवारी रात्री तोच खांब माझ्या छातीवर उभा होता. बैठकीत माझ्या तोंडून काय निघाले ते सर्वांनी ऐकले, कारण कॅमेरा बंद होता, ध्वनिक्षेपक नव्हता.

परिघावरचा
बुधवार, सकाळी 7.15

मी या मोसमात केवळ वाचक आहे, म्हणून एक मूलभूत शंका विचारतो. एखाद्या आघाडीच्या खेळाडूने पाच गोल केले, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे पानभर छायाचित्र आले आणि तरीही तुमच्यापैकी कोणी त्याच्याविषयी बोलत नाही. उलट मागे उभ्या असलेल्या, ज्याचे नाव समालोचकसुद्धा घाईत घेतो, अशा बचावपटूसाठी तुम्ही भांडता. असे का?

आजीचा बटवा
बुधवार, सकाळी 8.02

शंका रास्त आहे. किक 3, हँडबॉल 2, मार्क म्हणजे स्वच्छ झेल 3, टॅकल 4, गोल 6, बिहाइंड 1, रकने उडी मारून चेंडू सहकाऱ्याकडे ढकलला की 1, आपल्या बाजूने फ्री किक मिळाली तर 1 आणि विरोधात गेली तर उणे 3, असे हे कोष्टक आहे. तुमच्या नायकाचे पाच गोल म्हणजे पाच किकसह 45 गुण, त्याआधीचे पाच झेल धरले तर 60. उरलेला वेळ तो गोलसमोर कमरेवर हात ठेवून उभा असतो. याउलट बचावपटू आपसात चेंडू खेळवत राहतात. पंधरा मीटर लांबून आलेला चेंडू झेलला की 3, तो पुढच्याला मारला की आणखी 3. असे फुकटचे सहा गुण दहा वेळा मिळवले, तर कोणाच्याही अंगाला चिखल न लागता 60 होतात आणि मग अजून सामना शिल्लक असतो. स्टेडियममधले पन्नास हजार प्रेक्षक त्या संथ खेळाला कंटाळून ओरडत असतात. त्यात घरी बसून ‘अजून एकदा, अजून एकदा’ म्हणणारे आम्ही काही जण असतो.

माझ्या विजयाचे श्रेय मात्र माझे नाही. साताऱ्याहून आलेल्या आजीला मी मार्चमध्ये हा खेळ दाखवला. नियम सांगायला गेलो, तेव्हा ती म्हणाली, “मला ते झेल-बिल सांगू नकोस. अंगावर कोण जातो तेवढं सांग.” शाळेत असताना ती हुतूतू खेळायची. पकडीला किती गुण, असे तिने विचारले. मी चार म्हणालो, आणि लाथेपेक्षा पकडीला जास्त किंमत देणारा खेळ शहाणा असावा, असा निर्वाळा तिने दिला. या शनिवारी एमसीजीवर पाऊस होता. ओल्या चेंडूचे झेल सुटतात, सगळे जमिनीवर येते आणि टॅकल वाढतात. आजीच्या सांगण्यावरून मी बाकावरचा एक ठेंगणा, कोणाच्याही डोळ्यांत न भरणारा खेळाडू मैदानावर आणला होता. त्याने 11 टॅकल केले, म्हणजे नुसत्या पकडींचे 44. छप्पर बंद असलेल्या डॉकलंड्सच्या मैदानावर सामना असता, तर आजीचे ऐकले नसते, हेही प्रांजळपणे सांगतो. तेथे चेंडू कोरडा असतो आणि झेलांचा सुकाळ असतो.

आजीचा व्हिसा सप्टेंबरपर्यंतच आहे. अंतिम फेऱ्यांचा विचार करून मुदतवाढीसाठी अर्ज केला आहे.

कॉलिंगवूडचा कावळा
बुधवार, दुपारी 12.40

मी जिंकलो, ही बाब वृत्तांतात जेमतेम एका म्हणीपुरती आली, याची नोंद घेतली आहे. अकरापैकी तीन इशारे माझे होते, त्यालाही ‘खात्री’ म्हटले गेले. भलाईचा जमाना राहिला नाही.

माझ्या संघात कार्लटनचा, म्हणजे कॉलिंगवूडच्या जुन्या प्रतिस्पर्धी क्लबचा, एकही खेळाडू नाही, यावरून मला दर आठवड्याला हिणवले जाते. यंदाचे त्यांचे मधल्या फळीतले खेळाडू किती गुण करतात, हे मला दिसते. परंतु ज्या घरात भाडेकरू म्हणून पहिले वर्ष काढले, त्या घरमालकांनी मला कॉलिंगवूडचा काळा-पांढरा मफलर देताना एकच अट घातली होती, की कार्लटनचा गडद निळा रंग घरात आणायचा नाही. ती अट मी पडद्यावरही पाळतो.

पाटीसाहेबांनी चार गुणांचे दुःख मला सांगू नये. 2023 चा अंतिम सामना आम्ही ब्रिस्बेनविरुद्ध 90 विरुद्ध 86 असा चार गुणांनीच जिंकला. चार गुण पुरतात. फक्त ते आपल्या बाजूला असावे लागतात.

पुणेरी पाटी
बुधवार, दुपारी 1.05

चाराचे सोडा, 54 ची आठवण करून देतो. 2018 च्या पहिल्याच फेरीत हॉथॉर्नच्या टॉम मिचेलने एका सामन्यात 54 वेळा चेंडू किक किंवा हँडबॉलने पुढे दिला आणि विक्रम केला. प्रतिस्पर्धी कोण होते, ते कावळ्याने सांगावे. त्याच वर्षी त्याला मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राऊनलो पदकही मिळाले. आनंदाने जे गुण मोजले गेले, ते तुमच्याच अंगणात.

कॉलिंगवूडचा कावळा
बुधवार, दुपारी 1.11

पुढे 2023 मध्ये तोच खेळाडू आमच्या रंगात अंतिम सामना जिंकला, हे पाटीवर लिहायला जागा उरली नसावी.

भाकड गोठा
बुधवार, सायंकाळी 6.30

सरपंचांनी स्वतःच्या विजयावर बोलणे शोभत नाही म्हणून माझा पराभवही झाकला, याबद्दल आभार मानायचे की तक्रार करायची, हे ठरत नाही. पण पळीवर माझाही हक्क आहे, तो मी मांडतो.

मार्चमध्ये मी एक पदार्पण करणारा खेळाडू अगदी स्वस्तात घेतला. असे नवखे खेळाडू चांगले खेळू लागले, की अलीकडच्या गुणांच्या सरासरीप्रमाणे त्यांची किंमत आठवड्याला चढते. ती पुरेशी चढली की विकायचे आणि त्या पैशात मोठा खेळाडू आणायचा, हा या धंद्याचा पाया आहे. इंग्रजीतही त्यांना गायच म्हणतात. मी त्याला प्रेमाने ‘कपिला’ म्हणू लागलो, आणि चूक तेथेच झाली. नाव ठेवलेली गाय विकवत नाही. मे महिन्यात तिने भरपूर दूध दिले, जूनच्या मध्यावर आटली, तरी मी ‘पुढच्या आठवड्यात देईल’ म्हणत पेंड घालत राहिलो. पुढच्या आठवड्यात किंमत टिकवायला किमान किती गुण हवेत, तो आकडा तिच्या नावापुढे फुगत गेला. मी तिकडे पाहिलेच नाही, जसे आपण वीजबिलाच्या लिफाफ्याकडे पाहत नाही. या गुरुवारी प्रशिक्षकाने तिला संघातूनच वगळले. बाकावर त्या जागेचा दुसरा कोणी खेळणारा नव्हता. मला भोपळा मिळाला, तोही मैदानावरच्या 22 मध्ये, सर्वांदेखत.

टोणग्यांना दुर्दैवाने गाठले. मला तर सात आठवडे आधी सगळे दिसत होते.

सरपंच
बुधवार, रात्री 9.30

सर्व प्रतिसाद वाचले. टोणग्यांचा ठराव फेटाळण्यात येत आहे. मोसमाच्या मध्यावर नियम बदलला, तर पुढच्या वेळी ज्याचे नुकसान होईल तोही ठराव घेऊन येईल आणि मला वृत्तांताऐवजी इतिवृत्त लिहावे लागेल. शिवाय खेळाचे संकेतस्थळ आपले ठराव वाचत नाही.

पळीच्या प्रश्नावर गोठ्याचा दावा विचारात घेतला. दुर्दैव आणि दुर्लक्ष यांत दुर्लक्ष अधिक दोषास्पद, हे तत्त्वतः मान्य आहे. तथापि टोणग्यांना एक तास दहा मिनिटे आणि अकरा संदेश मिळाले होते, आणि पळवाट धरणाऱ्याने शेवटचा सामना सुरू होईपर्यंत फोन अंगावर ठेवावा, हे मी मार्चमधील बैठकीत स्पष्ट केले होते. म्हणून पळी टार्नीटलाच जाईल. गोठ्याने कपिलेला या आठवड्यात बाजार दाखवावा. पुढच्या वृत्तांतात ती दिसली, तर पळी तहहयात त्यांच्याकडे राहील.

आणखी एक. मी स्वतः सरपंच असल्यामुळे मला पळी कधीच मिळत नाही, अशी कुजबुज खासगी संदेशांत चालते. ती येथे, उजेडात करावी.

आजीचा बटवा
बुधवार, रात्री 9.52

उजेडात करतो. चौथ्या फेरीत सरपंचांनी आदल्या रविवारी खांदा निखळलेल्या खेळाडूला कप्तान केले होते. त्या आठवड्याचा वृत्तांत ‘तांत्रिक कारणाने’ आला नाही.

सरपंच
बुधवार, रात्री 9.53

इंटरनेट खरोखरच बंद होते.

टार्नीटचे टोणगे
गुरुवार, सायंकाळी 6.05

पळी मिळाली. ‘पैलवान’ स्वतः येऊन दारात ठेवून गेले, घंटा न वाजवता. आज तिनेच वरण वाढले. दांडा थोडा सैल झाला आहे, पुढच्या मालकाने नीट पाचर मारून घ्यावी. आता पंधरा मिनिटांत संघ जाहीर होतील, तेव्हा अधिक लिहीत नाही. येत्या रविवारी ढोलाचा सराव आहे आणि या वेळी फोन पथकातल्या झांजवाल्या मुलीकडे देऊन ठेवणार आहे. तिचा एक हात मोकळा असतो, असे मला वाटत होते. नसतो, असे आत्ताच कळले.